ठमाबाईच्या मुठीतली सांडशी

मित्रांनो, मी शहाडची एक जुनी सांडशी आहे. मला एकच विद्या येते, धरायची. त्यामुळे ध्यानाबद्दल मी बोलावं हे जरा विचित्रच. पण तुम्ही ऐकायला बसलाच आहात.

माझा जन्म कल्याणच्या एका लोहाराकडे झाला. आधी तापवलं, मग झोडपलं, मग पाण्यात बुडवलं आणि शेवटी पोटात खिळा ठोकून म्हणाले, झाली तयार. ठमाबाईने मला बाजारातून घेतलं तेव्हा तिचा आठ वर्षांचा सहदेव बरोबर होता. मी नीट चावते का, हे त्याने करंगळी घालून पाहिलं. मी नीट चावले.

पुढची वर्षं सुखाची गेली. "ही म्हणजे माझा तिसरा हात," असं ठमाबाई सगळ्यांना सांगायची. उलथन्याला असं कुणी कधी म्हणालं नाही.

छप्पन साली वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरोघरचे देव उल्हास नदीत सोडायचं ठरलं. ठमाबाईच्या नवऱ्याने, महिपतने, देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले. सहदेवला आता मिसरूड फुटलं होतं. गाठोडं घेऊन तोच पाण्यात उतरला. पाय घसरला. ठमाबाईने काठावरून त्याचं मनगट धरलं. बराच वेळ धरलं. मग हात सुटला.

शेजारची तुळसा सांत्वनाला आली. म्हणाली, "देव सोडलेत ना, मग देवांनीच पोरगं नेलं."

"तुळसाबाई," महिपत म्हणाला, "देवबी त्याच्याबरोबरच बुडाले. एकबी वर आला नाय."

तुळसा चहा न पिताच गेली.

त्यानंतर ठमाबाईने मला सोडलं नाही. पातेलं उतरवून झालं तरी मी मुठीतच. झोपेतही मुठीतच. महिपत रोज सकाळी तिची बोटं एकेक करून उघडायचा, ती पुन्हा मिटायची.

"अगं, कधी मलाबी धर की," तो एकदा म्हणाला. "मी गरम नाय, पण चालंल."

ती हसली नाही. मीही नाही. मला जबडा आहे, पण त्या कामाचा नाही.

पुढच्या वर्षी वस्तीत एक भंते आले. शाळेच्या पडवीत सगळ्यांना डोळे मिटून बसवलं. "कपाळ सैल सोडा. खांदे सोडा. हात मोकळे सोडा." सगळी वस्ती सैल झाली. गल्लीतला आनंदा तर इतका सैल झाला की घोरायलाच लागला. ठमाबाई मला आवळून बसली होती.

"नाय सोडणार," ती मोठ्याने म्हणाली. "एकदा सोडला हात. माझं पोरगं गेलं."

भंते उठून तिच्यासमोर येऊन बसले. "मग सोडू नका, बाई. अंगात आहे तेवढ्या जोराने धरा. फक्त हाताकडे लक्ष असू द्या."

तिने धरलं. माझे दोन्ही पाय एकमेकांत रुतले. तिची नखं पांढरी पडली. मनगट थरथरलं, मग कोपर, मग खांदा. आनंदाचं घोरणंही थांबलं. ती धरूनच होती, माझ्याइतकं हे कुणाला ठाऊक? आणि तरी मी खाली पडले.

खण्ण.

ठमाबाई उघड्या पंजाकडे बघत राहिली. "भंते, मी सोडली नाय."

"नाही सोडलीत."

"धरूनच होते."

"हो. मी पाहिलं."

"म्हंजी तवाबी..." ती म्हणाली.

रडायला लागला तो महिपत. वर्षभर तो तिची बोटं उघडत होता. स्वतःच्या मुठीकडे बघायला त्याला सवडच झाली नव्हती. ठमाबाईने त्याचा हात हातात घेतला. सैलच घेतला.

मला त्या दिवशी पडवीतून उचलायचं कुणाला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या घोरणाऱ्या आनंदाने मला घरी आणून दिलं.

आता माझा खिळा झिजलाय, मला काहीच धरवत नाही. भंते असते तर याला प्रगती म्हणाले असते. घरात अडगळ म्हणतात. मित्रांनो, तुमच्या सांडशीच्या खिळ्याला अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि कुणाच्या हातून कुणी सुटलं असेल, तर "का सोडलंस?" असं त्याला विचारू नका. त्याने किती वेळ धरलं होतं, ते आपण पाहिलेलं नसतं.