पाडव्याच्या केरात गेलेली मऊ

दिवाळीच्या पाडव्याला भल्या सकाळी स्वराजने घर डोक्यावर घेतलं, तेव्हा विनिता तव्यावर घावन टाकत होती.

"मऊ! माजी मऊ कुठाय?"

मऊ म्हणजे काय, हे परक्या माणसाला सांगावंच लागायचं. नुसतं बघून त्याला वाटलं असतं, की मोरीपुढचं पायपुसणं या पोराच्या हातात कुणी दिलं? विनिताच्या आईने, दहिवलीच्या सुंदराबाईंनी, आपली जुनी सुती लुगडी जोडून पहिल्या नातीसाठी गोधडी शिवली होती. ती समीक्षाने अंगावर घेतली, मग स्वराजने घेतली, चघळली, ओढली, धुवून धुवून विरली, आणि शेवटी तिचा पोळपाटाएवढा कोपरा तेवढा उरला. त्याचं नाव स्वराजनेच ठेवलं, मऊ. चार वर्षांचा हा गडी मऊ नाकाशी धरल्याशिवाय झोपत नसे, तापात औषध घेत नसे, आणि अंगणवाडीत जायचं तर ती दप्तरात आहे ना, हे तीनदा बघून घेई. दुसरी मऊ करून घ्यावी म्हटलं तर सुंदराबाईंना आता सुईत दोरा ओवता येत नव्हता. डोळ्यांनी दगा दिला होता. म्हणजे जगात होती ती एवढीच मऊ.

"असंल रं इथंच, कुठं जातेय," विनिता म्हणाली आणि गॅस बारीक करून शोधायला लागली. पलंगावर नाही. पलंगाखाली नाही. फराळाच्या डब्यांमागे नाही. वाळत घातलेल्या कपड्यांत नाही. स्वराज तिच्या मागे मागे, आधी हुंदके देत, मग गळा काढून. शेवटी त्याने दारातल्या किल्ल्यापाशी जाऊन मावळ्यांमागेही बघून घेतलं.

सात वर्षांची समीक्षा मात्र ओट्यावर बसून चकली खात होती. फारच मन लावून खात होती. आईच्या नजरेला नजर काही देत नव्हती.

"समे," विनिता तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, "तू पाह्यलीस का गं मऊ?"

समीक्षाने एकदा आतल्या खोलीतल्या आजीकडे, गौराबाईकडे बघितलं. मग चकलीकडे. मग हळूच म्हणाली, "आजी बोलली होती ना, येईपर्यंत बोलायचं नाय नि मागं बघायचं नाय."

विनिताला पहाटेची सुपली आठवली.

त्या घरात पाडव्याची पहाट अशीच व्हायची. कोंबडं आरवायच्या आत उठायचं, लाइट लावायचा नाही. कणकेच्या दिव्याच्या उजेडात देवघरापासून दारापर्यंत सगळं घर झाडायचं, तो केर नि वर्षभर झिजलेली केरसुणी जुन्या सुपलीत घालायची, वर तोच दिवा ठेवायचा आणि सुपली गावच्या शिवेवर नेऊन टाकायची. मागून पोरांनी काठीने थाळी बडवायची आणि घरातल्या इडापिडेला हाकलून बळीचं राज्य बोलवायचं. दुसरा शब्द काढायचा नाही. टाकून वळलं की मागे बघायचं नाही. विनिताची सासू गौराबाई या बाबतीत भलतीच कडक. आदल्या रात्रीच तिने समीक्षाला सतरा वेळा बजावलं होतं. यंदा गुडघे धरले म्हणून ती स्वतः गेली नाही, आणि सुपलीचा मान पहिल्यांदाच सुनेला मिळाला.

आणि सुनेने मान राखला. इतका राखला, की पलंगाखालून हाताला लागलेली चिंधी न बघता सुपलीत कोंबली आणि पीडा समजून शिवेपार नेऊन टाकली. मागून समीक्षाला दिव्याच्या उजेडात मऊचा हिरवा काठ ओळखू आला होता. पण बोलायची चोरी. त्या बिचारीने काय करावं? तिने थाळी आणखी जोरात बडवली. विनिताला वाटलं, पोरगी काय उत्साहाने वाजवतेय!

"मी किती मोठ्यानं वाजवली, तरी तुला कळलंच नाय. नि घरी आल्यावर आजीची भीती वाटली," समीक्षा म्हणाली आणि तिचाही ओठ बाहेर आला.

विनिताला स्वतःचा असा राग आला, की तव्यावर करपणाऱ्या घावनाचंही तिला भान राहिलं नाही. पोराला रडवलं ते तिनेच. आईच्या हातची शेवटची वस्तू टाकली ती तिनेच, स्वतःच्या हाताने, दिवा लावून. आणि उद्या भाऊबीज. उद्या दहिवलीला गेलं की आई आधी नातवाच्या हातात मऊ आहे का ते चाचपून बघणार.

"मी आणते जाऊन," ती म्हणाली.

"काय आणते?" गौराबाई आतून बाहेर आली. "शिवेपार टाकलेली पीडा परत घरात? पाडव्याच्या दिवशी? डोकं ठिकाणावर हाय का तुजं?"

"आई, ती पीडा नाय, ती मऊ हाय."

"सुपलीत गेली, दिवा लागला, थाळी वाजली. आता ती पीडाच. माज्या सासूनं चांदीचं जोडवं चुकून टाकलं व्हतं केरात. गेली का आणायला? नाय गेली. दोन दिस रडंल नि विसरंल तो. पोराची जात."

आता गौराबाई काही दुष्ट बाई नव्हे. नातवाच्या रडण्याने तिचाही जीव खालीवर होत होता, हे तिच्या पदराच्या चाळ्यावरून दिसत होतं. पण तिच्या नियमापुढे तिचं स्वतःचंही काही चालत नसे. विनिता एरवी सासूच्या शब्दापुढे जायची नाही. मात्र पायाशी स्वराज आता रडायचाही थांबला होता आणि रिकामी मूठ नाकाशी धरून नुसता उभा होता. ते काही तिला बघवेना. तिने गॅस बंद केला, नव्या साडीचा पदर खोचला आणि स्कूटीची किल्ली घेतली.

"घरात घ्यायची का नाय ते तुमी ठरवा. पण शिवेवर मी तिला ठेवणार नाय."

सुनेचा असा आवाज गौराबाईने या घरात ऐकलाच नव्हता. विनितानेही नव्हता.

स्वराज पुढे, समीक्षा मागे, तिच्या काखेत थाळी आणि काठी. थाळी कशाला, असं विचारायला विनिताला वेळ नव्हता. शिवेवरच्या उंबराखाली पोचते तर काय, जागा लख्ख! पहाटे तिथे साऱ्या गावाच्या सुपल्यांचा ढीग होता. आता जमिनीवर तेलाचे डाग नि केरसुणीच्या चार काड्या.

पलीकडच्या शेतात भात कापणारी चिंधीमावशी विळा वर करून ओरडली, "काय गं विनिता, मागं वळून बघायचं नसतं, तू तर गाडी घिऊन आलीस!"

"मावशी, हितल्या सुपल्या?"

"घंटागाडी घिऊन गेली आताच. सरपंचानं सांगलंय ना, यंदा शिवेवर कचरा ठेवायचा नाय. पोशीरच्या बाजूला गेली बघ."

मग काय विचारता! कापलेल्या भाताच्या वासातून, रस्त्यावर वाळत घातलेल्या पेंढ्याला वळसा घालत, नवी साडी नेसलेली विनिता स्कूटी पळवायला लागली. गावाची पीडा पुढे, ती मागे. आजवर पाडव्याला पीडेमागे धावलेली बाई पंचक्रोशीत कुणी पाहिली नसेल. स्वराज पुढे उभा राहून "ती बग, ती बग" करत प्रत्येक टेंपोकडे बोट दाखवत होता. एक टेंपो कोंबड्यांचा निघाला, दुसरा मांडववाल्याचा.

घंटागाडी सापडली ती पोशीरच्या नाक्यावर, चहाच्या टपरीपाशी. गाणं बंद होतं. चालक सहदेव बशीतून चहा पीत उभा होता. हा याच गावचा, विनिताच्या नवऱ्याच्या, जितेशच्या वर्गातला.

"सहदेव भाऊजी, आमची सुपली पाह्यजे!"

सहदेवला ठसका लागला. "वैनी, सगळ्या गावाची पीडा हाय गाडीत. तुमाला कोणाची पाह्यजे?"

"माजीच द्या. दुसऱ्याची नको."

टपरीवरची माणसं हसली. पण स्वराजचा चेहरा बघून सहदेवने बशी ठेवली आणि मागचा फळका खाली पाडला. आत सुपल्यांवर सुपल्या, केरसुण्यांवर केरसुण्या, विझलेले कणकेचे दिवे. एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा सारख्या. विनिता नाकाला पदर लावून चढली. समीक्षाने खालून टाचा उंचावून बघितलं आणि ओरडली, "आई, ती! बाबांच्या निळ्या वायरची!"

खरंच की. भिवपुरीच्या वीजघरात कामाला असलेला जितेश, घरात काहीही मोडलं तरी वायरने बांधायचा. सुपलीची उसवलेली कडही त्याने निळ्या वायरने शिवली होती. विनिताने ती ओढून काढली, उपडी केली. केरसुणी पडली. कोळ्याची जाळी पडली, मोडका कंगवा पडला, फुटक्या पणतीची खापरं पडली.

मऊ काही पडली नाही.

विनिताने केर पुन्हा चिवडला, मग पुन्हा. बांगड्यांसकट हात कोपरापर्यंत मळले. आता मात्र तिचा धीर सुटला आणि भर नाक्यावर, कचऱ्याच्या गाडीत उभ्या असलेल्या त्या बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. काय सांगणार होती ती पोराला? आणि आईला?

इतक्यात पुढून स्वराजची किंकाळी आली.

"मऊऊऊ!"

विनिताने बघितलं. तो टेंपोच्या तोंडापुढे उभा होता आणि काचेकडे हात उंचावून उड्या मारत होता. काचेवर, वायपरखाली, नीट घडी करून खोचलेली, काळ्या ऑइलचे पट्टे ओढलेली मऊ!

"ती व्हय?" सहदेव ओशाळला. "सुपल्या भरताना वरच व्हती. म्हटलं जुनं सुती कापड हाय, काच पुसायला याच्यासारखं काय नाय. टाकवंना मला."

स्वराजला ऑइलचं काय? त्याने ती ओढून घेतली, नाकाशी धरली आणि एक लांब श्वास घेतला. मग तिचा वास घेता घेताच तो हसला. नाक काळं, गाल काळे आणि हसू कानापर्यंत. टपरीवरच्या माणसांनी टाळ्या पिटल्या. विनिताला त्या क्षणी कुणी सोन्याचा हार दिला असता, तरी तो तिने मागे सारला असता.

आता खरी लढाई उरली होती, ती घरच्या उंबऱ्यावर.

परतताना स्कूटी पुढे आणि घंटागाडी मागे. स्वराजने सहदेवकाकाच्या शेजारी बसायचा हट्ट धरला होता, आणि सहदेवलाही मऊ काच पुसायला घेतल्याचं पाप फेडायचं होतं. शीव आली तशी समीक्षाने आईच्या मागे बसल्या बसल्या थाळी काढली. विनिता म्हणाली, "आता कशाला वाजवतेस? सकाळी झालं ना."

"सकाळी पीडा गेली," समीक्षा म्हणाली. "बळीचं राज्य कुठं आलं? ते यायचं राह्यलंय."

आणि तिने थाळी अशी बडवली, की उंबरावरचे पक्षी उडाले. सहदेवने मागून घंटागाडीचं गाणं लावलं. खिडकीतून स्वराज डोक्यावर मऊ घेऊन ओरडत होता, "बळी आला! बळी आला!" आळीतली माणसं कचऱ्याचे डबे घेऊन बाहेर आली, बघतात तर ही वरात! पोरं मागे धावायला लागली. चिंधीमावशीसुद्धा विळा खोचून बांधावरून धावत आली. अर्धं गाव गौराबाईच्या अंगणात जमा झालं.

गौराबाई दारात उभी. कमरेवर हात.

विनिता स्कूटीवरून उतरली. मान मात्र खाली गेली नाही. तिने स्वराजला टेंपोतून उतरवलं आणि उंबऱ्याबाहेर उभं केलं. डोक्यावर मऊ, तोंडाला ऑइल, एक पायही आत न टाकता तो आजीकडे बघत राहिला.

"काय रं हे डोसक्यावर?" गौराबाईने विचारलं.

"मुकुट," स्वराज म्हणाला.

"आनि तू कोण?"

"मी बळी. राज्य घेऊन आलो."

अंगणात कुणी हसलं नाही. सगळे गौराबाईकडे बघत होते. तिने एकदा सुनेकडे बघितलं. कोपरापर्यंत केर, साडीला ऑइल, डोळे रडून लाल, आणि तरी ताठ उभी. एकदा त्या टीचभर बळीकडे बघितलं. वर्षानुवर्षं पहाटे थाळी वाजवून तिने ज्याला बोलावलं होतं, तो आज चालत दारात आला होता. त्याला परत कसं पाठवणार? तसा नियमच नव्हता.

"विनिता," ती एकदम खेकसली, "उभी काय राह्यलीस? पाणी आण. बळीराजा दारात हाय नि तू बघत बसलीस!"

विनिताने तांब्या आणला. गौराबाईने दुखऱ्या गुडघ्यांनी खाली वाकून नातवाच्या पायांवर पाणी घातलं, त्याला ओवाळलं, कुंकू लावलं. मग बोट पुन्हा करंड्यात बुडवून मऊच्या कोपऱ्यावरही एक टिळा लावला. समीक्षाने थाळीचा पार चेंदामेंदा केला. स्वराजने ओवाळणी म्हणून खिशातली अर्धी खाल्लेली चकली तबकात टाकली आणि उजवा पाय आत ठेवला.

आत जाता जाता गौराबाई सुनेच्या कानाशी पुटपुटली, "सासूनं टाकलेलं ते जोडवं माजंच व्हतं. तेबी आणायला पाह्यजे व्हतं गं कुणीतरी."

दुपारी जितेश पहिली पाळी करून आला. अंघोळ केली, नवा सदरा घातला, पाडव्याची ओवाळणी करून घ्यायला ऐटीत पाटाकडे गेला, तर पाटावर जागा नव्हती. धुतलेली, ओली, कुंकवाचा डाग जपून ठेवलेली मऊ तिथे पसरली होती आणि तिच्या शेजारी स्वराज मांडी घालून बसला होता.

"हे काय? मी कुठं बसू?"

"थांब जरा," गौराबाई आतून म्हणाली. "राजा बसलाय."