खंडेनवमीला घेतलेलं माप

मी एक जुना प्रोपेलर शाफ्ट आहे, मित्रांनो. तोंडं वाकडी करू नका. गाडीच्या पोटाखाली लांब लोखंडी दांडा असतो ना, इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत पोचवणारा? तो मी. माझे तुकडे दोन. मधे सरकता जोड, आणि तो जोड सांभाळणारं एक बेअरिंग, रबराच्या झुल्यात बसवलेलं. तुम्हाला कंबर असते, तशी ती माझी कंबर.

माझं लोखंड किल्ल्यावरच्या एका फुटक्या तोफेचं आहे. खोटं वाटतंय? वाटू द्या. माझ्या जन्माच्या वेळी तुम्ही नव्हता, आणि मी शुद्धीवर नव्हतो.

एका लांबलचक देशी गाडीखाली मला बसवलं आणि ती गाडी लष्कर नावाच्या मोहल्ल्यातल्या मुकुंदरावांकडे आली. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून आलेले घोडेस्वार. ते स्वतः पाटबंधारे खात्यात नकाशे गुंडाळून निवृत्त झाले. घोडा गेला, मिशी तेवढी राहिली. पुढे त्यांच्या मुलीनं, सीमंतिनीनं, त्या म्हाताऱ्या गाडीत जपानी इंजिन घातलं आणि म्हातारीला पंख फुटले. एकदा मोरेना रोडवर आम्ही एवढे सुसाट निघालो की आमची सावली टोलनाक्यावरच राहून गेली. दुसऱ्या दिवशी जाऊन आणावी लागली.

दर महिन्याला सीमंतिनी गाडीखाली आडवी होऊन मला ग्रीस भरायची. "राजा, आज कुरकुर नको हं," म्हणायची. मला राजा म्हणणारं जगात दुसरं कोणी नव्हतं.

मग इंदूरच्या एका शर्यतीच्या संघाला एक चालक हवा झाला. दिवाळीनंतर जुन्या विमानपट्टीवर चाचणी. सीमंतिनी अर्धा सेकंद मागे पडत होती. मुकुंदरावांनी बजावलं होतं, "या खेपेला निवड झाली तर गाडी तुझी. नाही झाली तर विकायची, आणि मुकाट्यानं बँकेची नोकरी करायची. कबूल?"

"कबूल, बाबा."

तो अर्धा सेकंद शोधायला हजीरा मोहल्ल्यातला मिस्त्री नफीसभाई अष्टमीला घरी आला. त्यानं अंगणात गाडी जॅकनं उचलली, स्टँडवर ठेवली आणि मला खाली काढलं. चाकं लोंबत राहिली, बाजारात टांगलेल्या कोंबड्यांसारखी.

"ये दो टुकड़े वाला भारी है, बिटिया," माझ्यावर पाय ठेवून तो म्हणाला. "एक पीस का डलवाओ."

"कोणता पण? लोखंडी, अल्युमिनियमचा, का कार्बनचा?"

"लोहा सस्ता, पर वज़न वही. कार्बन हल्का, पर पत्थर लगा तो गया. अल्युमिनियम लो, मोटी नली का. पतली नली तेज़ घूमेगी तो रस्सी जैसी लहराएगी."

"दोन तुकड्यांचा म्हणजे दुटप्पी माणूस," मुकुंदराव मिशीवर हात फिरवत म्हणाले. "एकाच हाडाचा बरा."

मी बिचारा फरशीवर पडून सगळं ऐकत होतो. एवढी वर्षं इमानानं फिरलो, आणि दुटप्पी मी!

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मुकुंदरावांनी पाटावर पणजोबांची तलवार मांडली, पाने मांडले, जॅक मांडला, मोजायची टेप मांडली. शिलाई मशीन मांडलं, त्याच्यासोबत शिवणाची टेपही. जॅकला झेंडूचा हार घातला. नफीसभाई सासरी डबऱ्याला गेला होता. साडेदहाला लुधियानाच्या कारखान्यातून फोन आला: अकरापर्यंत माप कळवा, नाहीतर काम दिवाळीनंतर.

"बाबा, टेप द्या ना, जल्दी!"

"टेप पूजेत आहे."

"अहो, पाच मिनिटांसाठी!"

"हळदकुंकू लागलेलं हत्यार उद्या सीमोल्लंघनापर्यंत उचलायचं नाही. आपल्या घरात कोणी उचललेलं नाही."

"और जॅक? गाडी खाली तर घेऊ द्या. मला चाकं टेकवून माप घ्यायचंय."

"जॅक काय पाटावर शोभेला ठेवलाय?"

"यार बाबा, माझं आख्खं करिअर त्या पाटावर ठेवलंय तुम्ही!"

"मग देवाच्या पायाशीच आहे ना? सुरक्षित आहे."

माझंच माप घेता आलं असतं म्हणाल, तर नाही. मी मधून सरकतो, माझी लांबी ओढाल तशी. शेवटी सीमंतिनी तोरणाचा उरलेला दोरा घेऊन गाडीखाली शिरली. गिअरबॉक्सपासून मागच्या धुरीपर्यंत, म्हणजे चाकांच्या आसापर्यंत, दोरा ताणला. मग तो ओसरीच्या फरशीवर पसरला. फरशी फुटाची. पाच फरश्या आणि चार बोटं. कळवलं.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर तिनं टेप उचलली आणि दोरा पुन्हा मोजला. एका सुताचाही फरक नव्हता! मुकुंदराव छाती फुगवून म्हणाले, "बघ! देवाला ठेवून कोणाचं नुकसान झालंय?" सीमंतिनीही हसली. दोरा बरोबर होता, मित्रांनो. पण तो ताणताना चाकं लोंबत होती. गाडी चाकांवर उभी राहिली की धुरी वर येते आणि अंतर कमी होतं. आधी घाईत आणि मग आनंदाच्या भरात हे ती विसरली.

चाचणीच्या चार दिवस आधी नवा शाफ्ट आला. चकचकीत, एकसंध, माझ्या निम्म्या वजनाचा. मधे जोड नाही, त्याचं पुढचं टोकच गिअरबॉक्सात आत-बाहेर सरकायचं. नफीसभाईनं तो चढवला, गाडी जमिनीवर टेकवली, खाली वाकला. मग त्यानं करंगळी दाखवली.

"सरकने की जगह इतनी बची है. लंबा है, बिटिया. वापस भेजो, कटवाओ."

"तीन हफ्ते लागतील. चाचणी रविवारी आहे!"

"तो पुराना डाल देता हूँ."

सीमंतिनीनं माझ्याकडे पाहिलं. अर्धा सेकंद पाहिलं. "नको," ती म्हणाली. "विमानपट्टी सपाट आहे."

"सपाट रही तो चलेगा. उछली तो ख़ुदा मालिक." आणि त्यानं मला डिकीत ठेवलं, असू दे म्हणून.

रविवारी मी डिकीतूनच सगळं अनुभवलं. अशी धाव मी माझ्या आयुष्यात दिली नव्हती, खोटं कशाला बोलू? गाडी वाऱ्याला मागे टाकत होती. आणि मग जुन्या काँक्रीटचा एक उंचवटा आला, जेमतेम वीतभर. गाडी उडाली आणि बसली. धुरी वर आली, शाफ्ट पुढे रेटला गेला, सरकायला जागा नव्हती. गिअरबॉक्सचं कवच नारळासारखं फुटलं.

सीमंतिनीला खरचटलंही नाही. ती उतरली, डिकी उघडली आणि मला हात लावला. पण फुटक्या गिअरबॉक्सला मी तरी काय जोडणार? तिनं डिकी लावली. संघाच्या माणसानं पुढचं नाव पुकारलं.

मुकुंदरावांनी विकायचा विषय काढला नाही. तिनंच काढला. "कबूल केलं होतं ना, बाबा," एवढंच बोलली. गाडी गेली. डिकीतून काढलेला मी अंगणात उरलो, जॅक आणि स्टँडसुद्धा गाडीबरोबर गेले. आता ती सकाळी टेम्पो पकडून बँकेत जाते. माझ्याजवळून जाताना खाली बघत नाही. माझे जोड गंजून घट्ट झालेत. आता मी सरकत नाही, माझी लांबी आता कोणालाही मोजता येईल.

मित्रांनो, हत्याराची पूजा जरूर करा. पण त्याला सगळ्यात जास्त आवडतं ते वेळेला हातात असणं. आणि कुणाचंही माप घ्यायचं तर त्याला लोंबकळत ठेवून घेऊ नका. त्याच्या पायावर उभं करून घ्या.

यंदाच्या खंडेनवमीला मुकुंदरावांनी मला पुसून पाटावर ठेवलं, तलवारीशेजारी. हळदकुंकू वाहिलं, हार घातला. टेप मात्र पाटावर ठेवली नाही. दाराजवळच्या खिळ्याला अडकवली, सीमंतिनीच्या हाताला येईल अशी.

टेप दिवसभर तशीच लटकत होती. घरात मोजायला काही उरलेलं नव्हतं.