मधल्या भिंतीतलं भोक

लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर इंग्रजीचा वर्ग भरायचा. खाली मोठाली यंत्रं दिवसभर कपडे घुसळत असायची, त्यामुळे वर्गाची जमीन कायम कोमट आणि सतत थरथरत असलेली. दुपारी खिडक्यांतून उन्हाचे लांबलचक पट्टे यायचे, साबणाचा वास यायचा, आणि निम्म्या वर्गाला पेंग यायची. बाईंनाही यायची, पण त्या ते कबूल करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

विद्यार्थी सगळे पोटापाण्यासाठी या परक्या देशात आलेले. बेकरीवाले आजोबा होते, गुडघ्यांनी पार जेरीस आलेले. एक बसचा ड्रायव्हर होता. ऑफिसं झाडणाऱ्या दोघी बहिणी होत्या, ज्यांच्या तोंडाचा पट्टा कोणत्याही भाषेत थांबत नसे. आणि टाचणी होती. हे काही तिचं खरं नाव नव्हे. कपडे दुरुस्त करायच्या दुकानात ती शिवणकाम करायची, कॉलरला सदोदित टाचण्या खोचलेल्या असायच्या, म्हणून वर्गाने तिचं असं बारसं केलं. तिनेही हूं की चूं केलं नाही.

बाकीचे इंग्रजी शिकत होते ते बढतीसाठी, दुकान टाकण्यासाठी, नातवंडांशी बोलण्यासाठी. टाचणी शिकत होती ती फक्त एक गोष्ट सांगायला. नाही म्हणायला.

तिच्या आठ वर्षांच्या लेकीच्या हृदयाला भोक होतं. डॉक्टर ऑपरेशन करू म्हणत होते. डॉक्टर बोलायचे इंग्रजीत, आणि टाचणीचा मोठा भाऊ मध्ये बसून तिला ते आपल्या भाषेत सांगायचा. दादाचं इंग्रजी फर्डं होतं, जीवही लावायचा तो, पण त्याच्या कारभाराची तऱ्हा अशी, की डॉक्टर घसा सुकेपर्यंत बोलले तरी दादा तिला एवढंच सांगणार, "भोक आहे, शिवून टाकतील. छोटंसं काम आहे." उलट टाचणी म्हणाली की मला हे करायचं नाही, तर दादा डॉक्टरांना काहीतरी इतकं लांबलचक आणि गोड सांगायचा, की डॉक्टर हसून पुढची तारीख द्यायचे. तिचा नकार दादाच्या तोंडातून कधी बाहेर पडलाच नाही. नवरा मालवाहू जहाजावर आचारी, सहा-सहा महिने पाण्यावर. फोनवर तो म्हणायचा, तू म्हणशील ते. म्हणजे सगळा भार तिच्याच डोक्यावर.

आणि तिचं उत्तर पक्कं होतं, कारण सुईबद्दल तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. एक भोक बुजवायचं तर सुईने वीस पाडावी लागतात. विरलेल्या कापडाला टाका घातला तर ते टाक्याच्या शेजारीच फाटतं. शिवाय हे कापड दिवसरात्र हलणारं. त्याला सुई लावायची कल्पनासुद्धा तिला सोसत नव्हती. रक्त त्या भोकातून थेंबथेंब छातीत सांडत असणार, अशी तिची समजूत होती. म्हणून तिने लेकीचं धावणं बंद केलं, दोरीवरच्या उड्या बंद केल्या, खदाखदा हसायचंसुद्धा नाही म्हणून बजावलं. भरलेलं भांडं नेताना जपतो तसं ती पोरीला जपत होती. पोरही इतकी गुणी, की शाळेतून आली की मुकाट्याने शिवणयंत्राशेजारी चित्रं रंगवत बसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे जायचं होतं. "मी या गोष्टीला परवानगी देत नाही," हे वाक्य टाचणीने बाईंकडून इंग्रजीत घोटून घेतलं होतं. दुकानाच्या मालकाला सुनवायचं असेल अशा समजुतीने बाईंनी ते तिला भलत्याच उत्साहाने शिकवलं होतं.

त्या दुपारी बाईंनी टेबलं भिंतीला सारली. शब्द पायांनी शिकावेत असा त्यांचा खाक्या होता. मागे त्यांनी अशीच जमिनीवर पोस्ट कचेरी मांडली होती, आणि आजोबा तीत हरवले होते. आज त्यांनी निळ्या आणि लाल चिकटपट्ट्यांनी जमिनीवर चार खोल्या आखल्या, दोन वर, दोन खाली. मध्ये उभी भिंत म्हणून खुर्च्यांची रांग लावली.

"हे हृदय," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही रक्त."

पळ काढावा असं टाचणीला वाटलं, पण तोवर बाईंनी तिच्या हातात निळी फीत दिलीही होती.

खेळ सोपा होता. दोघी बहिणींना उघड्या खिडकीशी उभं केलं, त्या फुप्फुसं. ड्रायव्हर लांब दाराजवळ बसला, तो पाय. आजोबांनी मेंदूची जागा आपणहून पटकावली. बाकीच्यांनी रक्त होऊन चालायचं. पायाकडून निळी फीत घेऊन निघायचं, भिंतीच्या एका बाजूच्या वरच्या खोलीत शिरायचं, खाली उतरायचं, तिथून खिडकीशी जायचं. बहिणी निळी फीत काढून घेणार आणि लाल देणार. मग भिंतीच्या दुसऱ्या बाजूच्या वरच्या खोलीत, तिथून खालच्या, आणि लाल फीत घेऊन बाहेर, पायाकडे नाहीतर मेंदूकडे. दर दारात इंग्रजीत सांगायचं, मी रक्त, मी दमले, मला हवा हवी.

चालता चालता वर्गावर गुंगी चढत गेली. खालची यंत्रं एका लयीत धडधडत होती आणि पावलं आपोआप त्या लयीत पडू लागली. मी रक्त, मी दमले. उन्हाच्या पट्ट्यातून सावलीत, सावलीतून पुन्हा उन्हात. टाचणीला वाटलं, जमीन कोमट आहे ती लॉन्ड्रीमुळे नाही. आपण लहान होत होत लेकीच्या छातीत उतरलो आहोत, आणि आत इतकं शांत, उजेडाचं असेल याची आपल्याला कल्पनाच नव्हती. तिला तिथे राहावंसं वाटलं. लेकीच्या एवढी जवळ ती, तिला पोटात वाढवत होती तेव्हाच काय ती, गेली असेल.

तेवढ्यात मेंदूचे गुडघे दुखायला लागले. आजोबांनी कुणाला काही न विचारता मधल्या रांगेतली, खालच्या दोन खोल्यांमधली एक खुर्ची ओढली आणि तिच्यावर बैठक मारली.

टाचणी लाल फीत घेऊन खालच्या खोलीत आली. बाहेरच्या दाराशी गर्दी होती. समोर भिंतीत जागा दिसली, मागून कुणीतरी रेटलं, आणि ती त्या फटीतून पलीकडे गेली. पलीकडची वाट पुन्हा खिडकीकडेच जात होती. बहिणींनी तिची फीत पाहिली, ही आधीच लाल, म्हणाल्या, आणि तशीच पुढे पाठवली. ती फिरून त्याच खोलीत आली, फिरून फटीतून गेली. पुढच्याच्या मागे जायचं हा माणसाचा स्वभाव, त्यामुळे निम्मं रक्त तिच्या मागोमाग वळलं. खिडकीशी ही झुंबड उडाली. बहिणींना धाप लागली, आणि कधी नव्हे ते त्या गप्प झाल्या.

दाराजवळून ड्रायव्हर म्हणाला, "माझ्याकडे कोणी येईना झालंय. पाय गारठला माझा."

टाचणी जागच्या जागी थांबली. मागचे तिच्यावर आदळले. लेकीचे पाय रात्री बर्फासारखे गार असायचे, चार पायऱ्या चढली की तिला धाप लागायची. आपण हे रोज बघत होतो आणि आपल्याला काही कळत नव्हतं, या विचाराने ती रडायच्या बेतात आली.

"बाई," ती आपल्या, बाईंनाही कळणाऱ्या भाषेतच म्हणाली, "भोकातून किती रक्त सांडलं?"

बाईंनी जमिनीकडे पाहिलं. "सांडेल कुठे? हे भोक मधल्या भिंतीत आहे. एक थेंबही बाहेर गेला नाही. सगळं आतच आहे, नुसतं चुकीच्या खोलीत जातंय आणि दोनदोनदा चालतंय."

"आणि असंच चालू राहिलं तर?"

बाई उत्तर द्यायच्या आधी तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आता त्यांच्या ध्यानात आलं होतं, की हा दुकानाच्या मालकाचा मामला नव्हे.

"तर हृदय दमतं," त्या हळूच म्हणाल्या.

सकाळी डॉक्टरांच्या खोलीत दादा नेहमीसारखा मध्ये बसला. लेक उंच खुर्चीवर पाय हलवत होती. टाचणीचं वाक्य तयार होतं, पण आता त्याच्या आधी तिला दुसरं काही विचारायचं होतं. तिने श्वास घेतला आणि थेट डॉक्टरांना इंग्रजीत विचारलं, मोडकंतोडकं, पण स्वतःच्या तोंडाने.

"तुम्ही शिवता तेव्हा रक्ताला कोण चालवतं?"

दादा घाईघाईने म्हणाला, की हिला असं म्हणायचं आहे की… डॉक्टरांनी हाताने त्याला थांबवलं. मग ते अगदी सावकाश, सोपे शब्द शोधत बोलले. हृदय थोडा वेळ थांबवतात. शेजारी एक यंत्र असतं, ते रक्त घेतं, लाल करतं, शरीराला परत देतं. त्या यंत्रापाशी एक माणूस बसतो, त्याला दुसरं काही काम नसतं, तो जागचा हलत नाही.

टाचणीने दुसरा प्रश्न विचारला, सुईच्या भोकांचा. त्याला शब्द पुरेनात, तेव्हा तिने कॉलरची टाचणी काढून आपल्या बाहीला टोचून दाखवली.

डॉक्टर हसले नाहीत. "कापडाला टोचलेलं भोक तसंच राहतं," ते म्हणाले. "हे मांस आहे. हे भरून येतं. आम्ही ठिगळ लावतो, आणि काही महिन्यांत तिचं स्वतःचं मांस त्या ठिगळावर वाढतं."

एवढी वर्षं शिवण केली, पण असं कापड तिच्या हाती कधी आलं नव्हतं. ती दादाकडे वळली.

"हृदय थांबवतात, हे तू मला सांगितलं नाहीस."

"तू घाबरली असतीस," दादा बुटांकडे बघत म्हणाला.

"घाबरले असते. मग?"

टाचणी उठली आणि लेकीच्या खुर्चीपुढे उकिडवी बसली. आपल्यापासून लपवलं तसं हिच्यापासून लपवायचं नाही, असं तिने ठरवलं. ती सोपे शब्द जुळवू लागली, पण लेकीनेच तिला अडवलं.

"मला माहीत आहे, आई. पहिल्यांदा आलो तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं."

पोर दिवसभर शाळेत इंग्रजीतच बोलायची. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिला डॉक्टरांचं बोलणंही कळत असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"यंत्राचंही?"

"हो."

"आणि रक्त सांडत नाही, हे?"

"हो. मला खेळू द्या, असंही म्हणाले होते. दमली की आपोआप थांबेल म्हणाले."

"मग तू बसून का राहिलीस गं? मला सांगितलं का नाहीस?"

लेकीने थोडा विचार केला. "मी उठले की तू माझ्याकडे बघायचीस आणि सुई बोटात टोचून घ्यायचीस. मी बसले की तुझं काम नीट व्हायचं."

दादाने तोंड फिरवलं. टाचणीने लेकीचे गार पाय दोन्ही हातांत धरले, आणि तसंच वळून डॉक्टरांना हो म्हणून सांगितलं. त्याला फारसं इंग्रजी लागलं नाही.

बाहेर लांबलचक मोकळा पॅसेज होता, त्याच्या टोकाला खिडकी. टाचणी म्हणाली, "जा, खिडकीपर्यंत पळ." लेकीला खरं वाटेना, तिने दोनदा मागे वळून पाहिलं. मग ती पळाली. अर्ध्यावर थांबली, भिंतीला टेकून धापा टाकू लागली, मोठ्याने हसली आणि पुन्हा निघाली. टाचणी जागची हलली नाही. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.