पेर्पेतुआबाईंचा गोतावळा

मनिलातल्या त्या अरुंद गल्लीत पेर्पेतुआबाईंचं दुमजली घर होतं आणि त्यात अकरा भाडेकरू. खोल्या तीनच, बाईंनी प्लायवूड ठोकून त्यांच्या आठ केल्या होत्या. न्हाणीघर एक, आणि त्याच्या दारावर कागद : ‘देव बघतोय, पाणी जपून वापरा.’

जोवेलिन वरच्या खाटेवर राहायची. राहायची म्हणजे आडवी व्हायची. उठून बसलं की डोकं छताला लागे. दूरच्या इलोइलो शहरातून आलेली ही पोरगी औषधाच्या दुकानात दिवसभर उभी असे. तिच्या खालच्या खाटेवर तेबानकाका, रात्रपाळीचे पहारेकरी.

शेजारच्या गल्लीत आग लागली आणि सरकारी तपासणी निघाली. बाईंनी सगळ्यांना जिन्यात उभं केलं.

“उद्या तपासनीस येतेय. इथे भाडेकरू कोणी नाही, कळलं? उद्या तुम्ही सगळे माझे नातेवाईक.”

“आणि परवा?” तेबानकाकांनी विचारलं.

“परवा तोंड बंद. तुम्ही माझे चुलतभाऊ. जोवेलिन, तू माझ्या वारलेल्या भावाची मुलगी.”

“बाबा कशानं गेले?”

“फार प्रश्न विचारून.”

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. बारीक चणीच्या, हातात वही. टेबलावर कोंबडीचा आदोबो शिजवून ठेवलेला. या घरात भाडेकरूंना अन्नाचा वास फुकट मिळण्याचा तो पहिलाच दिवस. पेर्पेतुआबाईंनी जोवेलिनच्या गालावरून इतक्या मायेनं हात फिरवला, की तिच्या अंगावर काटा आला.

“स्वयंपाकघराला कुलूप का?” तपासनीस बाईंनी विचारलं.

पेर्पेतुआबाई तोंड उघडणार, तेवढ्यात जोवेलिन लाडात म्हणाली, “उंदरांसाठी हो! आता उंदीर गेले. आत्या, किल्ली आजपासून खिळ्याला लावायची म्हणत होतीस ना?”

आत्यानं दात विचकले. त्याला हसणं म्हणावं लागलं. किल्ली खिळ्याला लागली.

“आणि ही खिडकी? फळ्या मारून बंद केलीय. आग लागली तर बाहेर कुठून पडायचं?”

“आजच काढतोय,” तेबानकाका पुढे सरसावले. “आमच्या बहिणीचा जीव तुटतो आमच्यासाठी. कालपासून माझ्यामागे लागलीय. काय गं पेर्पेत?”

हे घर घेतल्यापासून बाईंना कोणी ‘पेर्पेत’ म्हटलं नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. काकांनी तिथल्या तिथे हातोडी घेऊन फळ्या उपटल्या. खिडकीतून समोरच्या टॉवरच्या एसीचा गरम वारा आत आला, पण वारा आला.

“छान कुटुंब आहे,” तपासनीस बाई म्हणाल्या. “महिन्यानं पुन्हा येते. सगळे इथेच असतील ना?”

“जाणार कुठे?” जोवेलिन म्हणाली. “आत्याला करमत नाही आमच्याशिवाय.”

त्यांची पाठ वळली तशी बाई कडाडल्या, “सामान उचल, भवाने!”

“उचलते. महिन्यानं त्यांनी भाची कुठाय म्हणून विचारलं, तर काय सांगशील ते ठरवून ठेव, आत्या.”

तो महिना थाटाचा गेला. जोवेलिननं चार वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हातानं भात शिजवला. न्हाणीघराच्या रांगेतली भांडणं थांबली नाहीत, पण आता ती नातेवाइकांसारखी, हक्कानं व्हायला लागली.

महिन्यानं तपासणीला आला तो दुसराच माणूस. खाली बसून कॉफी प्यायला, वर चढलाच नाही. दुपारपर्यंत स्वयंपाकघराला नवं कुलूप लागलं आणि जोवेलिनची पेटी गल्लीत आली.

“काका, ही पेटी नाक्यावर टाकून या,” बाईंनी हुकूम सोडला.

तेबानकाका निमूटपणे पेटी नाक्यावर ठेवून आले. मग वर जाऊन स्वतःची पेटी उचलली. त्यांना बघून आणखी तिघी उतरल्या.

“चुलतभाऊही चालले?” बाईंनी टोमणा मारला.

“घरचं लग्न असलं तर कळव,” काका म्हणाले.

बाईंनी दाराला पाटी लावली. संध्याकाळच्या आत पाचही खाटा भरल्या. या शहरात आडवं व्हायला जागा मिळते म्हटलं, की माणसं धावत येतात. बाईंचं काही अडलं नाही.

पाचजणांना जवळच्या पासाय भागात टायरच्या दुकानावर एक खोली मिळाली. रबराचा वास, उतरतं छप्पर, मधे पडदा. पहिल्याच संध्याकाळी काकांनी सुकी मासळी तळली. धूर खाली गेला आणि दुकानदारानं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. जोवेलिननं खाली वाकून त्याला विचारलं, “दादा, एक तुकडा देऊ का?”

शिव्या थांबल्या. “दोन टाक,” तो म्हणाला.