मी बाहेरचे काही ऐकू दिले नाही

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या जातीची पाठ बंद असते. म्हणजे माझ्या दोन्ही वाट्या बाहेरून पूर्ण झाकलेल्या आहेत. आतला आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही. याच गुणासाठी मला निवडले होते, आणि याच गुणाने माझे आयुष्य कडू केले.

कारखान्यात मला एका बाईने जोडले. तिने माझ्या वाट्यांवर बोटाने टकटक करून पाहिले, समाधानाने मान हलवली आणि मला खोक्यात झोपवले. पुढे सहा महिने मी बर्लिनमधल्या एका दुकानाच्या फळीवर होतो. शेजारी उघड्या पाठीचे, जाळीदार हेडफोन होते. येणारे लोक त्यांचेच कौतुक करत.

एका शनिवारी सकाळी आन्के आली. ती ट्राम चालवायची. पन्नाशीची बाई, आखूड केस, जाड चष्मा, आणि अंगावर कामाचाच निळा कोट.

"घरी ऐकायला हवाय," ती म्हणाली. "इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकते मी."

"मग उघड्या पाठीचा घ्या, बाई," विक्रेता तोर्बेन म्हणाला. "आवाज कसा मोकळा वाटतो. बंद पाठीत जरा कोंडल्यासारखं होतं."

"कोंडू दे. त्याच खोलीत माझा नवरा असतो. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याला आवाज सोसत नाही. चमचा बशीला लागला तरी कळवळतो."

तोर्बेनने मग बंद पाठीचे तीन काढले. आन्केने आपल्या फोनमधला संगीताचा एकच तुकडा तिन्हींवर लावला, पूर्ण अकरा मिनिटांचा. पहिल्याने तिच्या चष्म्याच्या काड्या कानामागे रुतल्या. दुसऱ्यात खालचा ठोका इतका फुगला की बाकीचे सगळे त्यात बुडाले. तिसरा मी. माझ्यात ठोका घट्ट यायचा आणि लगेच बाजूला व्हायचा, त्यामुळे मागचे बारीक सूरही तिला सापडले. तिचा चेहरा सैल पडला.

"आता कान इथे जवळ आणा," ती तोर्बेनला म्हणाली. "आणखी जवळ. लाजताय कशाला, चावत नाही मी. बाहेर येतंय काही?"

"काही नाही," तो म्हणाला. तिला ते ऐकूच गेले नाही. शेवटी त्याने हात हलवून नाही म्हणून दाखवले आणि दोघे खूप हसले. मित्रांनो, त्या क्षणी मला केवढा अभिमान वाटला!

घर सातव्या मजल्यावर होते. तिचा नवरा योर्न खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसलेला असायचा. त्याचा उजवा हात आणि पाय चालत नव्हते, आणि बोलताना शब्द अडकायचे. तरुणपणी, बर्लिनची भिंत पडली त्या काळात, बंद कारखान्याच्या तळघरात नाचताना दोघांची ओळख झाली होती. ज्या संगीताने ती दोघे जवळ आली, तेच आता त्याला सोसत नव्हते. म्हणून आन्केने दोन वर्षे घरात काही लावलेच नव्हते. हेडफोन आण, असा हट्ट योर्ननेच धरला होता.

"तू ऐक," तो म्हणायचा. "मी... तुझे पाय बघतो."

आणि खरेच बघायचा. तिच्या पायांच्या हालचालीवरून काय वाजते आहे ते ओळखायचा. "ठेका चुकलीस," म्हणून चिडवायचा. ती एक वाटी बाजूला करून म्हणायची, "तू तर बोलूच नकोस! तळघरात माझ्या पायांचा भुगा केला होतास."

माझ्यामुळे तिला हाक ऐकू येणार नाही, हे तिने ओळखले होते. म्हणून तिने आपल्या खुर्चीसमोरच्या फळीवर एक पिवळा दिवा बसवला आणि त्याचे बटण योर्नच्या डाव्या हाताशी ठेवले. पाणी हवे असले, उशी सरकली, की दिवा लागायचा आणि ती उठायची. कधी तो उगाच चेष्टेने दिवा उघडझाप करायचा. तीन वर्षे असेच चालले. माझ्या आयुष्यातली तेवढीच वर्षे सुखाची.

नोव्हेंबरातला रविवार होता, दुपारचे चार वाजले असतील. आन्के सलग सहा दिवस पहाटेची पाळी करून आली होती. तिने तोच अकरा मिनिटांचा तुकडा लावला, मागे टेकली आणि डोळे मिटले. ती झोपली नव्हती. तिची बोटे खुर्चीच्या हातावर ठेका धरत होती.

तुकडा संपला. तिने डोळे उघडले, तेव्हा दिवा लागलेला होता.

योर्न खुर्चीतून घसरून खाली पडला होता आणि बटण त्याच्या डाव्या तळहाताखाली दाबलेले होते. दिवा किती वेळ जळत होता, मला ठाऊक नाही. त्याने हाकही मारली असेल. ती माझ्यापर्यंत नक्की पोचली असणार, माझ्या पाठीवर आदळली असणार, आणि मी ती आत जाऊ दिली नाही. माझे कामच ते होते.

नऊ दिवस तो इस्पितळात होता. मग गेला. दुसरा झटका मोठा होता, दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता, असे डॉक्टरांनी सांगितल्याचे आन्के फोनवर प्रत्येकाला सांगे. सांगताना तिचा आवाज सपाट असे.

अंत्यविधीनंतर योर्नची थोरली बहीण घरी आली; गेझीने हे तिचे नाव. कोटही न काढता ती म्हणाली, "माझा भाऊ बोलावत होता, आणि तू कान बंद करून बसली होतीस."

नणंद गेल्यावर आन्केने मला मोज्यांच्या कप्प्यात टाकले. तिथे पाच वर्षे गेली. माझ्या कानगाद्या वाळल्या, त्यांची काळी साल निघू लागली. घरात पुन्हा काही वाजले नाही.

मग एका गुरुवारी दारावरची घंटा वाजली. कप्प्यातूनही मी गेझीनेचा आवाज ओळखला. तो आता थकला होता.

"केक आणलाय. आलुबुखारचा," ती म्हणाली. मग बशा वाजल्या आणि तिने विचारले, "त्या दिवशी तू काय ऐकत होतीस?"

"कशाला विचारतेस?"

"पाच वर्षं तुझ्यावर रागावलेय मी. निदान कशावर रागावलेय ते तरी कळू दे."

कप्पा उघडला. आन्केने मला गेझीनेच्या डोक्यावर बसवले, तो तुकडा लावला आणि स्वतः समोर बसून राहिली. नणंद अकरा मिनिटे हलली नाही. मग तिने मला काढले.

"यात शब्दच नाहीत."

"नाहीत."

"मग एवढं काय आहे यात?"

"यावरच नाचताना तो मला भेटला," आन्के म्हणाली. "डोळे मिटले की तो उभा दिसायचा, गेझीने. दोन्ही पायांवर उभा. म्हणून मिटायचे मी."

गेझीनेच्या गालांवर माझ्या गाद्यांची काळी साल चिकटली होती. ती रडू लागली तशी साल गालभर पसरली. आन्केने ओल्या फडक्याने तिचा चेहरा पुसला. दोघींपैकी कोणीही माफी मागितली नाही.

आता गेझीने दर गुरुवारी येते, मला घालते आणि ऐकते. आन्के तिच्यासमोर बसून तिच्याकडे बघत राहते. तिने स्वतः मला पुन्हा डोक्यावर घेतलेले नाही. घेईल असे मला वाटतही नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा कोणी तुमच्या कानांवर असेल तेव्हा घरातल्या माणसाकडे तोंड करून बसा. मधूनच एक वाटी बाजूला करा. आमची पाठ बंदच राहणार, तुम्हाला मात्र वळून बघता येते. आणि एखादे माणूस डोळे मिटून ऐकताना दिसले, तर त्याला बोल लावण्याआधी त्याच्यासमोर थोडा वेळ बसा. ते फार दमलेले असेल. त्या वेळी त्याच्याऐवजी दिव्याकडे तुम्ही बघा.