माझ्या डाव्या कुशीतली शिवण

मी टांगलेला बोलतोय. दोन खांब, त्यावर आडवी दांडी, दांडीला दोर आणि दोराला मी. जाड कॅनव्हासच्या पोत्यात लाकडाचा भुसा ठासून केलेला पुतळा. हात नाहीत, पाय नाहीत, चेहरा काढायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. माझं काम एकच, मार खाणं. आणि माझा स्वभाव असा की मी दचकतो. दिवसाला दोनशे वेळा मार खायचा आणि दोनशेही वेळा दचकायचं, हे पुतळ्याला शोभत नाही. पण खोटं कशाला सांगू?

माझा जन्म १९४३ च्या ऑगस्टमधला, नेब्रास्कातल्या एका हवाई तळावरचा. पॅराशूट दुरुस्तीच्या शेडमध्ये क्राउसबाईंनी मला शिवलं. गळ्यात मोजपट्टी, दातांत टाचण्या, आणि बोलणं टाचण्यांच्या फटीतून. कापड टपालाच्या जुन्या थैल्यांचं होतं, दोरा मात्र पॅराशूटचा. शेवटची गाठ मारून त्यांनी माझ्या पोटावर थाप दिली. मी दचकलो. तो पहिला प्रसंग.

तळावर सैनिकांचा फुटबॉल संघ होता. तिथला फुटबॉल पायानं कमी आणि खांद्यानं जास्त खेळतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या कमरेत घुसून त्याला आडवा करायचा, यातच अर्धा खेळ आला. ते शिकायला मी. संघाचे प्रशिक्षक कॅप्टन हॅलिडे. युद्धाआधी ते एका गावच्या शाळेत हेच शिकवायचे. दर शनिवारी सामना असे, आणि दर गुरुवारी फळ्यावर यादी लागे. यादीत नाव आलं की माणूस समुद्रापार, लढाईवर. सप्टेंबरात कॅप्टनकडे चौतीस खेळाडू होते. ऑक्टोबरच्या मध्यावर अकरा उरले. त्यात एक आचारी होता आणि एक बँडमधला ढोलवाला. ढोलवाला मला मारताना ताल धरायचा. त्याचं मला बरं वाटायचं, कारण पुढचा फटका कधी येणार ते कळायचं.

एल्मर टेस्डाल याच अकरांतला. मिनेसोटाचा, लांबुडका, कमी बोलणारा. बॉम्बफेकी विमानात तो शेवटी, शेपटीत, बंदूक धरून बसायचा. माझ्याकडे धावत येण्याआधी तो विचारायचा, "तयार?" भुशाच्या पुतळ्याला! बाकीचे हसायचे. तो म्हणायचा, "सवय आहे." त्यांच्या विमानाचा वैमानिक मेब्री उड्डाणाआधी स्वतःपासून सुरुवात करून दहाही जणांना एकेक करून विचारायचा, "तयार?" आणि पुढून मागे एकेक उत्तर यायचं. दहावं एल्मरचं. मला मात्र त्या सवयीनं फार धीर यायचा. दचकायचो मी तेव्हाही, पण जरा तयारीनं.

एल्मर सगळ्यांत चांगला खेळाडू होता. ऑक्टोबरअखेर मेब्रीच्या विमानाचं प्रशिक्षण संपत आलं आणि ते आता यादीवर येणार हे दिसायला लागलं. तेव्हा कॅप्टननी एक कागद वर पाठवला. कॉर्पोरल टेस्डाल इथल्या व्यायाम-प्रशिक्षणासाठी आवश्यक, त्याला रवाना करू नये. कागद मंजूर झाला. मेब्रीला सांगण्यात आलं की शेपटीत बसायला दुसरा माणूस मिळेल.

पुढच्याच शनिवारपासून एल्मरला कुणालाही पाडता येईना. पळणारा समोरून यायचा, एल्मर झेपावायचा आणि हवेला मिठी मारून आडवा व्हायचा. दोन सामने असे गेले. दोन्ही हरलो.

सोमवारी सॅल फेरांटे मैदानावर आला. तो मेब्रीच्याच विमानातला रेडिओवाला. चारचौघांत मोठ्यानं म्हणाला, "काय रे लेका, शनिवारी त्या माणसाला पाडायला गेला होतास की पत्ता विचारायला?"

सगळे हसले आणि आत गेले. मग सॅल माझ्या दोराला टेकला आणि हळूच म्हणाला, "झकास चाललंय. अजून एक मॅच असाच खेळ. कॅप्टन कंटाळून तुला हाकलतो, कागद रद्द होतो, तू आमच्याबरोबर."

"आणि नाही रद्द झाला तर?"

"तर तुझ्या जागी तो ओमाहाचा पोरगा. छान आहे तो. विमानात बसला की ओकतो."

म्हणजे सगळं ठरवून चाललं होतं. मला धक्का बसला. तसा मला वाऱ्यानंही बसतो.

कॅप्टन कंटाळले नाहीत. चांगला मास्तर ढ मुलाला सोडत नाही. त्यांनी फर्मान काढलं, टेस्डालनं रोज दुपारी एकट्यानं पुतळ्यावर सराव करावा. त्यामुळे रोज दुपारी एल्मर, मी आणि रिकामं मैदान. तिथे त्याला चुकायचं काही कारण नव्हतं. नऊ जण आपल्याला सोडून निघालेत, हे त्याला कुठेतरी ओतायचंच होतं. "तयार?" म्हणायचा आणि यायचा. असा यायचा की खांब करकरायचे. गुरुवारी अठ्ठाविसाव्या फटक्याला माझी डावी कूस फाटली आणि भुसा बाहेर आला. एल्मर ओंजळीनं भुसा परत कोंबत बसला. "माफ कर," म्हणाला. त्याआधी आणि त्यानंतर मला असं कुणी म्हटलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी कॅप्टननी जमिनीवरचा भुसा पाहिला आणि क्राउसबाईंना बोलावलं.

"बाई, शिवण उसवली तुमची."

बाई माझ्यापाशी आल्या, वाकल्या, बोटानं चाचपलं. "माझी शिवण उसवत नाही, कॅप्टनसाहेब. त्याच दोऱ्यावर तुमची पोरं आभाळातून लटकतात. हे बघा. शिवण जागच्या जागी आहे. शेजारचं कापड फाटलंय. कोण मारत होतं?"

"टेस्डाल. पण त्याला हल्ली टपालाची पेटीसुद्धा पाडता येत नाही."

"मग पेट्या सांभाळा," बाई म्हणाल्या आणि टाचण्या तोंडात धरून निघून गेल्या.

बाईंना फक्त आपल्या शिवणीचं नाव राखायचं होतं. त्यात एल्मर पकडला गेला. कॅप्टन बराच वेळ माझ्या फाटलेल्या कुशीत हात घालून उभे राहिले. मला गुदगुल्या होत होत्या, पण वेळ तशी नव्हती.

दुपारी त्यांनी एल्मरला तिथेच गाठलं.

"मुद्दाम चुकतोस?"

"हो, सर."

"का?"

एल्मर बुटांकडे बघत म्हणाला, "मेब्री सगळ्यांना विचारतो, सर. दहावं उत्तर माझं असतं. तिथे दुसऱ्याच कुणाचा आवाज आला तर नऊजण मान वळवून बघतील. विमान चालवताना मागे बघू नये."

"जिवंत राहायची संधी दिली होती तुला, गाढवा."

"हो, सर. आभारी आहे, सर."

"मेब्री कधी निघतोय?"

"सोमवारी, सर. फळ्यावर तसंच आहे."

कॅप्टननी खिशातून दोन कागद काढले. टेकवायला दुसरं काही नव्हतं, म्हणून माझ्या छातीवर दाबून धरले. वरच्या कागदावर एल्मरला रोखून धरणारा हुकूम रद्द केल्याचं लिहिलं होतं. सही करता करता ते म्हणाले, "उद्या दोन वाजता शेवटची मॅच आहे. मन लावून खेळायचं. कबूल?"

"कबूल, सर! एकालाही सोडणार नाही."

"हं. पळ. हा कागद आधी कचेरीत दे. आत्ता."

एल्मर कागद घेऊन पळाला. त्याच्या पळण्यात त्या दिवशी काही चूक नव्हती. दुसरा कागद त्यांच्या तळव्याखाली माझ्या छातीवरच राहिला होता, म्हणून मला वाचता आला. मेब्रीच्या विमानाचं प्रस्थान सोमवारऐवजी शनिवारी, सकाळी सहाला. कॅप्टननी तो घडी करून खिशात ठेवला. एल्मर उद्या खेळणार नाही, हे सही करण्याआधीच त्यांना माहीत होतं.

शनिवारी उजाडताना एक विमान मैदानावरून इतक्या खालून गेलं की माझा दोर हलला. मी दचकलो. शेपटीत कोण होतं ते दिसलं नाही. माझी भिस्त कागदावर होती.

दुपारी आम्ही सत्तावीस-शून्य असे हरलो. ढोलवाल्याचा अंगठा दुखावला. सगळे गेल्यावर कॅप्टननी टोपी खांबावर अडकवली, चार पावलं मागे गेले आणि मला एक फटका मारला. मान खाली, खांदा सैल, डोळे मिटलेले. शिकवतात त्याच्या अगदी उलट.

जानेवारीत सॅलचं पत्र आलं, इंग्लंडहून. कॅप्टननी ते सामानाच्या खोलीत माझ्याजवळ उभं राहून वाचलं. जेवण भयंकर आहे. थंडी भयंकर आहे. एल्मर 'तयार' इतक्या हळू म्हणतो की मेब्रीला दोनदा विचारावं लागतं, पण मागे कुणी बघत नाही. कॅप्टननी पत्राची घडी केली, माझ्या फाटलेल्या कुशीत सरकवली आणि क्राउसबाईंना शिवायला सांगितलं. बाईंनी का म्हणून विचारलं नाही. दोरा दुहेरी घेतला.

युद्ध संपलं, तळ बंद झाला आणि कॅप्टननी मला त्यांच्या गावच्या शाळेत आणलं. दुसरं पत्र आलं का, मला माहीत नाही. मला विचारता येत नाही आणि ते सांगत नाहीत. मुलांना शिकवताना मात्र ते माझी डावी कूस भिंतीकडे करतात. "इथे मारायचं नाही," म्हणतात. का ते मुलांनाही सांगत नाहीत.

मुलं येतात, मारतात, मी दचकतो. तक्रार नाही, तेच काम आहे. एकच मागणं आहे. धावत येण्याआधी कुणीतरी एकदा विचारावं, "तयार?"

मी तयार नसेनच. पण हो म्हणेन.