तोशिकीच्या बंदुकीतला उसासा

रविवार आला की याचिमाता गावातल्या कुरिहारांच्या दारात जोड्यांचा खच पडायचा. आत माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसत. कुणी उकडलेल्या शेंगा आणलेल्या असत, कुणी आपल्या मृताचा फोटो. सगळ्यांचे डोळे मात्र बुटक्या मेजाकडे. मेजावर तोशिकीचा अस्थिकलश आणि त्याची खेळातली बंदूक.

प्लॅस्टिकच्या गोळ्या उडवणारी, बॅटरीवर चालणारी ती बंदूक. सुट्टीला देवदारांच्या राईत मित्रांबरोबर लुटुपुटीच्या लढाया खेळायचा तोशिकी. वसंतात एका ट्रकने त्याची स्कूटर उडवली. आणि आता त्याची बंदूक उसासे टाकत होती.

हा शोध गेन्शो सेन्सेईंचा, म्हणजे गेन्शो गुरुजींचा. श्राद्धाचे मंत्र म्हणायला आले आणि घरचेच होऊन बसले.

तोशिकीची थोरली बहीण सायो चिबा शहरातल्या शाळेत विज्ञान शिकवायची. शनिवारी घरी आली, तर आई फुसाए कलशाला नवं रेशमी कापड गुंडाळत होती.

"उद्या सेन्सेई त्याला डोंगरावरच्या मठात नेणार," आई म्हणाली. "बंदुकीसकट. इथं गुदमरतंय म्हणे त्याला."

"आई, अस्थी कबरीत बाबांच्या अस्थींशेजारी ठेवायच्या ना? कधीच ठेवायला हव्या होत्या."

"श्वास चालू असलेल्या मुलाला कुणी पुरतं का गं?"

सायोने तिच्याकडे पाहिलं. आई किती वाळली होती!

दुसऱ्या दिवशी ती मागे भिंतीला टेकून बसली. सेन्सेईंनी बाह्या सावरल्या.

"विज्ञानवाले म्हणतात, मेला तो संपला. अहो, वायफाय तरी दिसतं का डोळ्यांना? मग आत्मा कसा दिसेल?"

माना डोलल्या. "आता त्याला नमस्कार करू," असं म्हणत सेन्सेई बंदुकीवर झुकले आणि "हांऽऽ!" असे गरजले की खिडक्या थरारल्या. बोट घोड्याला ओझरतं लागलं. मग त्यांनी मेजावरच्या घंटेवर टोला हाणला. क्षण गेला, आणि बंदुकीतून आवाज आला: खर्रर्र... दमलेल्या माणसाने सोडलेल्या श्वासासारखा.

"तोशिकी!" आई कोसळलीच.

सायोच्या अंगावर काटा आला. तिलाही क्षणभर तो भाऊच वाटला. पण गर्जना कशाला, घोड्याला बोट कशाला, आणि घंटा त्याच मेजावर कशाला?

चहाला सगळे बाहेर ओसरीवर गेले तेव्हा तिने बंदुकीची बॅटरी काढून खिशात टाकली.

दुसऱ्या खेपेला सेन्सेई गरजले, टोला हाणला. काहीच नाही. पुन्हा गरजले. खोकला आला.

"घरात कुणीतरी नास्तिक आहे! आत्मा रुसलाय."

"आत्मा माझ्या खिशात आहे, सेन्सेई," सायो म्हणाली आणि बॅटरी मेजावर ठेवली.

कुजबुज उठली. शेजारच्या नोझावाकाकू ओरडल्या, "अगं, सख्ख्या भावाच्या बाबतीत असं बोलवतं तरी कसं तुला?"

"त्याच्यासाठीच बोलतेय, काकू."

तिने पेचकस घेतला आणि बंदूक उघडली. आतल्या दातेरी चाकांवर तोशिकीने चोपडलेलं ग्रीस अजून ओलं होतं. एका चाकाच्या आसाला बसवलेलं बेअरिंग तिने चिमटीत धरून हलवलं. ते डगडगलं.

"चाकं बसवायचा हा सांगाडा त्याने नवा घेतला. यातली भोकं आठ मिलिमीटरची. बेअरिंगं जुनीच, सात मिलिमीटरची. भोवती टेप गुंडाळलीय बघा. चाकंही एका जोडातली नाहीत, म्हणून घासतात. योग्य मापाची मिळेपर्यंत चालवू, असं म्हणाला असणार. त्याचं सगळं असंच." तिने घोड्याकडे बोट दाखवलं. "घोडा जरासा दाबला की स्प्रिंग अर्धवट ताणलेली राहते. चाकं उलटी फिरू नयेत म्हणून ही खिटी आहे. पण चाक तिरकं, म्हणून खिटी कडेलाच अडकते. घंटेने मेज हादरलं की ती निसटते, स्प्रिंग सैल पडते आणि चाकं उलटी फिरतात. घोड्याचा आवाज झाकायला गर्जना. एवढंच."

सेन्सेई घंटा उचलून निघाले. त्यांना कुणी अडवलं नाही.

आई पुढे सरकली. "पुन्हा जोड."

सायोने बंदूक जोडली, बॅटरी लावली. आईने बोट घोड्यावर ठेवलं, किंचित दाबलं. मग मेजावर मूठ आपटली.

खर्रर्र...

आईने ते तीनदा केलं. तिन्ही वेळा तोच उसासा, तसाच, तेवढाच. मग ती बंदुकीवर डोकं टेकून रडली. ट्रकच्या दिवसापासून अशी रडली नव्हती. इतके दिवस तिचा मुलगा अर्धाच गेला होता.

बऱ्याच वेळाने तिने तोंड पुसलं आणि नोझावाकाकूंकडे पाहिलं. काकूंच्या मुठीत त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचं घड्याळ होतं, सेन्सेईंना द्यायला आणलेलं.

"घरी घेऊन जा ते," आई म्हणाली. "बंद पडलं असेल तर घड्याळजीकडे द्या. ते बोलायला लागलं असं कुणी म्हणालं, तर आधी उघडून बघा. मी नाही बघितलं. मला बघायचंच नव्हतं."

काकूंनी मान खाली घातली.

"सायो," आई उठत म्हणाली, "कलश तू धर. मला पेलणार नाही. बाबांकडे जाऊ या."